मदत हवी आहे: कुत्र्याची वरची दाढ तुटली, नागपुरात दातांचा एक्स-रे कुठे होतो?

लॅब्राडोर, ७ वर्षं, ३२ किलो. डावीकडची वरची मोठी दाढ, म्हणजे चौथी प्रीमोलर, वाळलेलं हाड चावताना बाहेरून कपच्यासारखी उडाली. मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका दिसतो, म्हणजे नस उघडी पडली आहे. डोळ्याखाली सूज. अँटिबायोटिकने उतरते, गोळ्या थांबल्या की परत येते. मुळाशी पू आहे तोवर हे असंच चालणार.

या दाढेला तीन मुळं असतात. काढायची तर ड्रिलने तीन तुकडे करून एकेक मूळ सोडवावं लागतं. नुसतं पकडीने ओढलं की मूळ आत मोडतं अन् पू तसाच राहतो. म्हणून आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तोंडात प्लेट ठेवून एक्स-रे हवाच.

सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ही सोय सध्या आहे का? की धंतोली, धरमपेठेत कुणाकडे? श्वासनलिकेत नळी घालून गॅसची भूल देणारे डॉक्टर हवेत. दाढ वाचवून रूट कॅनल करणारं कुणी असेल तर फारच बरं. रक्ततपासणीत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), किडनी, लिव्हर नॉर्मल आहे.

भूल न देता स्केलिंग, म्हणजे दातांवरचा थर खरवडून काढणं, कृपया सुचवू नका, त्याने हिरडीखालचं काहीच निघत नाही.