मदत हवी आहे: कला महाविद्यालयातल्या चित्रपटगृहात ३५ मिमीचा दुसरा प्रोजेक्टर पुन्हा बसवावा का?

नमस्कार मंडळी,

एका कला महाविद्यालयातलं ना-नफा तत्त्वावर चालणारं छोटं चित्रपटगृह मी सांभाळते. दिवसा तिथे वर्ग भरतात, संध्याकाळी जुने आणि चाकोरीबाहेरचे सिनेमे लागतात. बाहेरचे लोकही तिकीट काढून येतात. डीसीपीचं, म्हणजे डिजिटल फाइलवरून दाखवायचं, सगळं सुरळीत आहे. घोडं अडलंय ते फिल्मपाशी.

एका फिल्म संग्रहालयाकडून १९४०च्या दशकातल्या एका चित्रपटाची प्रिंट मिळण्यासारखी आहे (नंतर सेफ्टी फिल्मवर काढलेली, चटकन पेट घेणारी जुनी नायट्रेट नाही). त्यांची अट अशी, की प्लॅटर (सगळी रिळं जोडून अख्खा चित्रपट ज्यावरून चालवतात ती मोठी आडवी तबकडी) चालणार नाही. दोन प्रोजेक्टरवर, चेंजओव्हर करूनच, म्हणजे एकावरचं रीळ संपताच दुसऱ्यावर पुढचं सुरू करत, खेळ व्हायला हवा. आमच्याकडे एक प्रोजेक्टर आणि प्लॅटर. जोडीतला दुसरा डिजिटल आलं तेव्हा काढून अडगळीत टाकला गेला.

अट मला पटते. प्लॅटरवर चढवायचं तर प्रत्येक रिळाचं तोंड नि शेपूट सोडवून सगळी रिळं एकमेकांना चिकटवायची, खेळ झाला की पुन्हा सुटी करायची. दर खेपेला एखाद-दुसरी फ्रेम जायची भीती. दुसरी प्रिंट कुठे असेलच असं नाही, मग कोण देईल?

दुसरी भानगड चौकटीची. चित्रपट १.३७ चा (रुंदी उंचीच्या १.३७ पट) आणि आमच्याकडे अ‍ॅपर्चर प्लेट, म्हणजे चित्राची चौकट ठरवणाऱ्या पट्ट्या, फक्त १.८५ आणि त्याहून रुंद स्कोपच्या. तसल्याच मापाचं एक जुनं रीळ लावून पाहिलं, तर उभ्या माणसाचं कपाळापासून वरचं सगळं गायब. फ्रेमिंगचा नॉब फिरवून डोकं आणलं, तर त्याच्या हातातलं पत्र खाली कापलं गेलं, आणि प्रसंग त्या पत्राचाच! सकाळी ज्या मुलांना चौकटीची कड कुठे धरावी हे शिकवतात, त्यांना संध्याकाळी हे दाखवायचं?

वरिष्ठांचं म्हणणं, एका खेळासाठी कशाला एवढा खटाटोप, डीसीपी असलेलं दुसरं काहीतरी लावा. या चित्रपटाचं डीसीपी झालेलंच नाही, पण ते त्यांच्या लेखी गौण.

तर: बंद पडलेला प्रोजेक्टर सुरू करताना आधी काय बघायचं? चेंजओव्हरला केबिनमध्ये किती माणसं लागतात? आणि प्रिंट मिळाली म्हणजे दाखवायची परवानगीही मिळाली, असं धरायचं का?

प्रतिसाद १
ताई, बसवाच. पण वीज जोडायच्या आधी तेल बघा आणि यंत्र हाताने फिरवून बघा. कुठे अडलं तर जोर लावू नका. मग टाकाऊ फिल्मचा लूप (दोन्ही टोकं जोडून केलेलं वेटोळं) बराच वेळ चालवून तिच्यावर ओरखडे उठतात का ते उजेडात धरून तपासा. प्रोजेक्टरच्या झेनॉन दिव्याला मात्र जाणकाराशिवाय हात लावू नका. थंड असतानाही आत दाब असतो, फुटला तर काचा उडतात. चेहऱ्यावर शील्ड आणि हातमोजे हवेतच.

माणूस सरावलेला असेल तर एक पुरतो. २००० फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटं चालतं. शेवटाकडे पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो, तेव्हा दुसऱ्याची मोटर सुरू करायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, तिथे बदलायचं. सराव संग्रहालयाच्या प्रिंटवर करू नका, एवढं सांगायला नकोच.

प्रतिसाद २
नुसती प्लेट आणून भागणार नाही, लेन्सही लागेल. चित्राची उंची १.८५ एवढीच ठेवायची तर फोकल लेंथ सुमारे १.३५ पट हवी. म्हणजे १.८५ ला ५० मिमीची असेल, तर इथे ६७-६८ च्या आसपास. बाजूचे काळे पडदे आत येतात ना, तेही बघा.

परवानगीचं म्हणाल तर प्रिंट एकाची, हक्क दुसऱ्याचे, असं सर्रास असतं. वर्गात शिकवण्यासाठी अनेक देशांत सवलत असते, पण बाहेरचा प्रेक्षक तिकीट काढून आला की तिचा आधार घेता येत नाही. संस्था ना-नफा असली तरी. हक्कधारकाचं पत्र वेगळं घ्या.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. लेन्सचं हे गणित वरिष्ठांपुढे ठेवते. आकडे दिसले की ते जरा ऐकतात. आता एकच: संग्रहालयाने पाठवलेल्या अर्जात दोन्ही प्रोजेक्टरची शेवटची दुरुस्ती कधी झाली, असा रकाना आहे. अडगळीतल्या यंत्राची जुनी नोंदवही सापडत नाही. अशा वेळी नव्याने तपासणी करून त्याचा दाखला जोडला तर चालतो का? कुणी असा अर्ज भरला असेल तर सांगा.