ग्रंथोत्सवात गाळ्यापाशी काय घडते : मराठवाड्यातील काही अनुभव

ग्रंथालय संचालनालयातर्फे राज्यातील जिल्ह्याजिल्ह्यांत दरवर्षी ग्रंथोत्सव भरतो. बहुधा तो दोन दिवसांचा असतो आणि त्याचा साचा एव्हाना सर्वांना पाठ झाला आहे: सकाळी शाळकरी मुलांच्या लेझीमसह ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, दुपारी परिसंवाद, संध्याकाळी कविसंमेलन आणि मंडपाच्या कडेने पुस्तकांचे गाळे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते ते व्यासपीठावरचे. गाळ्यांची बोळवण ‘वाचकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ या तीन शब्दांत होते. म्हणून परभणीहून हे अनुभव मागवताना एकच अट घातली होती की भाषणांविषयी लिहू नये, पुस्तकापाशी काय घडले ते लिहावे. अट सर्वांनी पाळली असे नाही. एका सद्गृहस्थांनी आपले संपूर्ण अध्यक्षीय भाषण पाठवले आहे, ते येथे घेतलेले नाही. बाकीचे लेखन जवळपास जसे आले तसे देत आहे. नावे कोणाचीच दिलेली नाहीत.

ग्रंथपाल, गंगाखेड तालुका

आमच्या गावचे सार्वजनिक ग्रंथालय ‘ड’ वर्गाचे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि ‘ड’ हा त्यांतला शेवटचा, म्हणजे पुस्तके थोडी, अनुदान थोडे आणि ग्रंथपालापासून शिपायापर्यंतची सारी कामे एकाच माणसाच्या अंगावर. गावात पुस्तकाचे दुकान नाही आणि केवळ पुस्तकांसाठी पुन्हा पुन्हा परभणीला जाणे परवडत नाही, त्यामुळे वर्षाच्या ग्रंथखरेदीतला मोठा वाटा आम्ही ग्रंथोत्सवात उरकतो. गाळ्यावर गेल्यावर माझा पहिला प्रश्न पुस्तकाविषयी नसतोच. हे शासनमान्य यादीत आहे का, हा पहिला, आणि ग्रंथालयाला सवलत किती, हा दुसरा. शेजारी उभे असलेले वाचक माझ्याकडे विचित्र नजरेने पाहतात, पण तपासणीच्या वेळी उत्तर मला द्यायचे असते, त्यांना नाही.

जाण्यापूर्वी मी देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवतो आणि सभासदांना हवी असलेली पुस्तके तिच्यात लिहायला सांगतो. मुलांची मागणी ठरलेली असते: पोलीस भरती, तलाठी भरती, चालू घडामोडी. आमच्याकडे निम्मी जागा आता अभ्यासिकेनेच घेतली आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण ती मुले आली नसती तर कुलूप उघडण्याचे कारणही राहिले नसते. गेल्या खेपेस मात्र त्या वहीत एका वृद्ध बाईंनी लिहिले होते, ‘हिरव्या पुठ्ठ्याचे, ज्यात सून विहिरीवर जाते ते, त्याचा पुढचा भाग.’ नाव नाही, लेखक नाही. मी ती ओळ गाळ्यावरच्या माणसाला संकोचत वाचून दाखवली. त्याने क्षणभर डोळे मिटले, टेबलाखालचे खोके ओढले, तळातून एक कादंबरी काढली आणि म्हणाला, ‘पुढचा भाग निघालेलाच नाही, पण त्याच बाईंची ही दुसरी आहे, त्यांना चालेल.’ चालली. दाखलनोंद रजिस्टरात चढवून शिक्का मारेपर्यंतही त्यांना धीर नव्हता.

पुस्तकविक्रेता, नांदेड

वरच्या अनुभवातला विक्रेता मी नव्हे, पण तसे विचारणारे सगळीकडे भेटतात. आमच्या धंद्यात पुस्तके डोक्यात असावी लागतात, आणि लेखकांना राग येईल, पण ती मुखपृष्ठाच्या रंगानेच डोक्यात राहतात.

साहित्य संमेलन आणि जिल्ह्याचा ग्रंथोत्सव यांत विक्रेत्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, त्र्याण्णवावे अखिल भारतीय संमेलन झाले आणि एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला पंचाण्णवावे. अशा ठिकाणी माणूस ठरवून पुस्तके घ्यायला येतो, पिशवी घरूनच आणतो. उदगीरला एप्रिलचे ऊन असे होते की पहिल्या ओळीतल्या पुस्तकांची लॅमिनेशन केलेली मुखपृष्ठे दुपारपर्यंत वर वळू लागली. आम्ही ती पालथी घालून त्यांवर जाड कोश ठेवले, तर लोक येऊन कोशांचीच किंमत विचारू लागले आणि त्यांतले काही विकलेही गेले.

ग्रंथोत्सवात गर्दी असते ती दिंडी विसर्जित झाल्यापासून उद्घाटन सुरू होईपर्यंत. मुले गाळ्यांवर तुटून पडतात आणि तेवढ्यात सूत्रसंचालक ध्वनिक्षेपकावरून सर्वांनी सभागृहात आसनस्थ होण्याची विनंती करतो. शिक्षक मुलांना ओढून नेतात. पुढे भाषणे लांबतात, भाषणांनंतर थेट शाळेची गाडी असते. ज्या मुलाने पुस्तक उचलून पहिले पान उघडलेले असते तो परत येत नाही. गाळ्याचे भाडे, टेम्पो, दोन माणसांचा मुक्काम आणि दहा ते वीस टक्के सवलत वजा जाता जे उरते ते त्या तासाभरात मिळवायचे असते, आणि नेमका तो तास तोडला जातो. मान्यवर गाळ्यांची पाहणी करतात, एखादे पुस्तक हातात धरून छायाचित्र काढून घेतात आणि ते पुस्तक जागेवर ठेवून पुढे जातात. ठेवताना निदान सरळ ठेवावे.

(येथे संकलक म्हणून माझे मत नोंदवून ठेवतो. मुलांना उद्घाटनाला बसवण्यामागे खुर्च्या भरण्यापलीकडे काही हेतू असल्याचे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.)

निवृत्त शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर

हा अनुभव माझ्या वडिलांचा आहे. ते आता नाहीत. त्यांचे शालेय शिक्षण निजामाच्या राजवटीत झाले, म्हणजे घरात मराठी आणि वर्गात उर्दू. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले तेच उर्दू माध्यम घेऊन, तेव्हा खाली शाळांतही वरच्या वर्गांना उर्दूशिवाय गत्यंतर नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात आले, वडिलांची पुढची सारी नोकरी मराठीत झाली, पण हात उर्दूच्या वळणाचाच राहिला. पुस्तक कोणतेही असो, ते मागच्या बाजूने उघडत. ग्रंथप्रदर्शनात त्यांनी एक मराठी चरित्र उचलले आणि सवयीने पालथे करून शेवटचे पान उलटले. गाळेवाल्याला वाटले की ते मागच्या पानावरची किंमत शोधत आहेत. त्याने लगेच ‘पंधरा टक्के कमी होतील, काका’ असे सांगितले. वडील हसले आणि म्हणाले, ‘वीस करा, मी शेवटापासून वाचणार आहे.’

त्यांना हवी होती ती सिराज औरंगाबादी यांची कविता. उर्दू कवितेच्या इतिहासात मोठे मानले गेलेले वली आणि सिराज या दोघांच्याही नावापुढे आमच्या शहराचे नाव लागते, पण त्या प्रदर्शनातल्या मराठी गाळ्यांवर सिराज देवनागरीत मिळाला नाही. ‘गझला’ म्हटल्यावर पुढे आलेली पुस्तके वेगळीच होती. पुढे उर्दू पुस्तकांच्या मेळ्यात तो उर्दू लिपीत मिळाला. मला ती लिपी येत नाही. मग त्यांनी वाचावे आणि मी देवनागरीत उतरवावे असे करत एक वही भरली. उर्दूच्या गाळ्यांना मराठी ग्रंथप्रदर्शनाच्या मांडवात जागा देणे या शहरात अवघड नसावे.

विद्यार्थिनी, लातूर

मी नीटच्या तयारीसाठी लातूरला वसतिगृहात राहते. रविवारच्या चाचणीनंतर मैत्रिणीबरोबर प्रदर्शनाला गेले. गळ्यात शिकवणीचे ओळखपत्र होते. ते पाहून पहिल्या गाळ्यावरच्या काकांनी न विचारताच जीवशास्त्राचा प्रश्नसंच पुढे केला आणि दुसऱ्या गाळ्यावर भौतिकशास्त्राचा. ओळखपत्र खिशात घालून तिसऱ्या गाळ्यावर गेले, तेव्हा कथासंग्रह पाहायला मिळाले.

कवी, हिंगोली

कविसंमेलनाविषयी लिहायचे नाही म्हणता, ठीक आहे. एवढेच नमूद करतो की निमंत्रितांची यादी इतकी लांब होती की माझा क्रमांक येईपर्यंत गाळेवाले पुस्तके खोक्यांत भरू लागले होते, आणि खोक्यांवर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज माझ्या प्रत्येक कडव्यानंतर, टाळीच्या जागी, नेमका येत होता.

संग्रह स्वखर्चाने काढला आहे. ओळखीच्या विक्रेत्याने टेबलाचा कोपरा दिला म्हणून दुपारभर तेथे उभा होतो. लोक संग्रह उचलतात, मागचे छायाचित्र पाहतात, मग माझ्याकडे पाहतात आणि ओळख पटली की किंमत विचारायचे थांबून ‘सही करून द्या ना’ म्हणतात. सही केली की तो सप्रेम भेट झाला असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. एका तरुणाने मात्र सहीही मागितली नाही आणि सवलतही. त्याने एकच कविता उभ्याने दोनदा वाचली, नोटा मोजून ठेवल्या आणि निघून गेला. कोणती कविता होती ते मला जागेवरून दिसले नाही.

बचत गटाच्या सदस्य, जिंतूर तालुका

एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट मार्च २०२३ पासून लागू झाले, तेव्हापासून आम्ही परभणीच्या ग्रंथोत्सवाला गटाने जातो. आधी घरून प्रश्न यायचा की पुस्तके पाहायला कशाला तिकीट घालवायचे. आता तो प्रश्न निम्म्यावर आला आहे. गटाच्या पैशातून आम्ही शेळीपालनाचे आणि लोणची-पापडाच्या व्यवसायाचे अशी दोन पुस्तके घेतली. सासूबाईंसाठी मोठ्या टायपातली पोथी शोधली, ती सहज मिळाली. पण मोठ्या टायपातली गोष्टींची पुस्तके मागितली तर बालविभाग दाखवतात. ज्या बाईने चाळिशीनंतर वाचायला सुरुवात केली तिला ससा-कासवाच्या गोष्टी नको असतात. तिला सासू-सुनेच्या, जमिनीच्या वाटणीच्या, मुलाच्या लग्नाच्या गोष्टी हव्या असतात, फक्त अक्षर ठसठशीत पाहिजे. प्रकाशकांनी याचा विचार करावा. पोथीला जे जमते ते कादंबरीला का जमू नये?

जिल्हा परिषद शिक्षक, बीड जिल्हा

आमच्या शाळेतील बहुतेक मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळ्या हलू लागतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि मग पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकातला फड पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचे गाळप थांबेपर्यंत, सुटत नाही. काही मुले आजी-आजोबांकडे राहतात, काही हंगामी वसतिगृहात, आणि बरीच कोयत्याबरोबर निघून जातात. ग्रंथोत्सव येतो तो थंडीत, म्हणजे गाळप हंगामाच्या ऐन मध्यावर. मागे राहिलेल्या मुलांना घेऊन मी जातो, आणि माझा पट अर्धा रिकामा असताना जातो.

वर्गणीतून प्रत्येकाला थोडे पैसे दिले होते. मुलगे बहुधा नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातील स्वस्त, रंगीत पुस्तके घेतात. सहावीतली एक मुलगी मात्र गाळ्यागाळ्यावर ‘नकाशा आहे का’ विचारत फिरत होती. सर्वांत शेवटच्या गाळ्यावर शालेय नकाशासंग्रह मिळाला. तिने महाराष्ट्राचे पान उघडले, बीडवर डाव्या हाताचे बोट ठेवले आणि उजव्या हाताने कागल शोधू लागली. बीड वर, कागल तळाशी पार कर्नाटकाच्या सीमेवर. पान टेबलावर पूर्ण सपाट केल्याशिवाय दोन्ही बोटे टेकेनात. विक्रेत्याने दोन्ही बाजूंना पुस्तके ठेवून पान दाबून दिले. मग बाकीच्यांना कळले आणि कोल्हापूर, सांगली, निपाणी, अथणी असा पुकारा सुरू झाला. नकाशासंग्रह दोनच होते. विक्रेता म्हणाला की साहित्याच्या उत्सवात नकाशे कोण घेणार म्हणून जास्त आणले नव्हते.

माझी सूचना अशी की मराठवाड्यात, निदान बीडसारख्या जिल्ह्यात, हा उत्सव टोळ्या निघण्यापूर्वी घ्यावा. १५ ऑक्टोबर हा डॉ. कलामांचा जन्मदिवस २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून शाळांत साजरा होतोच. त्याला जोडून घेतल्यास पट भरलेला असेल आणि आईबापही गावात असतील.

या सूचनेवर मी, संकलक म्हणून, परभणीपुरता ७ सप्टेंबर सुचवला. कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ या शहरात सरकारी कारकुनी करत लिहीत राहिले आणि १९५३ मध्ये त्या तारखेला गेले. त्यांच्या स्मृतिदिनाला येथे वाचक एरवीही जमतात. नांदेडच्या विक्रेत्यांना दोन्ही तारखा कळवल्या तेव्हा त्यांचे उत्तर आले, ते असे:

‘सप्टेंबरचा पाऊस आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, दोन्हींत कापडी मांडवाखाली पुस्तक टिकत नाही, एकदा भिजलेला गठ्ठा वाळवून विकता येत नाही. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते, शेतकरी शेतात असतो आणि हातात पैसा येतो तो माल विकल्यावर. तरीही गुरुजींचे म्हणणे खोडता येत नाही. गाळे मंडपात न देता शाळेच्या पक्क्या वर्गखोल्यांत द्या आणि टेम्पो दारापर्यंत येईल एवढा मुरूम टाकून ठेवा. भाडे थोडे वाढवले तरी चालेल. नकाशासंग्रह किती आणायचे ते मात्र आधी कळवा, कारण ते मला पुण्याहून मागवावे लागतात.’