मदत हवी आहे : घरच्या धान्यातून हॅमस्टरला काय द्यावे, काय देऊ नये?

नमस्कार. आम्ही काटोल तालुक्यातील एका गावात राहतो. घरी संत्र्याची बाग आहे आणि उरलेल्या शेतात कपाशी, सोयाबीन व तूर असते. माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या मामाने दिवाळीत तिला नागपूरहून एक हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा लहान पाळीव प्राणी, आणून दिला. तो सीरियन जातीचा असल्याचे दुकानदाराने सांगितले होते. किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर डब्यात बसवून तोलला, तेव्हा त्याचे वजन १२८ ग्रॅम भरले. मुलीने त्याचे नाव भुरू ठेवले आहे.

त्याच्यासोबत पेलेटचे, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्यांच्या तयार खाद्याचे, एक पाकीट मिळाले होते आणि ते आता संपत आले आहे. आमची नागपूरची फेरी दीड-दोन महिन्यांतून एकदाच होते आणि तालुक्याच्या गावी हे खाद्य मिळत नाही. पाच प्रकारचे धान्य घरात असताना एवढ्याशा जिवासाठी विकतचे खाद्य कशाला, असे सासूबाईंचे म्हणणे होते आणि मलाही ते पटले होते. त्यांनी मायेने त्याला रोज काही ना काही द्यायला सुरुवात केली. सोयाबीनचे चार दाणे, बैलांसाठी ठेवलेल्या सरकीतील चिमूटभर सरकी, भंडारा जिल्ह्यातील माझ्या माहेराहून आलेली लाखोळीची डाळ आणि बागेतल्या संत्र्याची एक अख्खी फोड, असे सगळे त्या आठवड्यात त्याच्या वाटीत पडले.

पाचव्या दिवशी त्याच्या लेंड्या मऊ झाल्या. एरवी त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या आणि कोरड्या असतात, त्या दिवशी मात्र कागदाला चिकटत होत्या. आम्ही त्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरांनी अत्यंत आस्थेने तपासले, शेपटीखालचा भाग कोरडा असल्याचे पाहिले आणि दोन दिवस ओले काहीही देऊ नका, असे सांगितले. आपल्याकडे गुरे आणि शेळ्याच जास्त येतात, त्यामुळे या प्राण्याच्या रोजच्या खाण्याविषयी जाणकाराला विचारावे, असेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. म्हणून हा धागा काढत आहे.

घरी आल्यावर मुलीने आणि मी त्याचा पिंजरा पूर्ण रिकामा केला, तेव्हा जे दिसले ते सांगणे आवश्यक वाटते. हा प्राणी समोर ठेवलेला दाणा लगेच खात नाही. तो दोन्ही गालांतील पिशव्यांत दाणे भरतो, तोंड दुप्पट रुंद होईपर्यंत भरतो, मग आपल्या कोपऱ्यात जाऊन पुढच्या पायांनी गाल मागून पुढे दाबत सगळे बाहेर काढतो आणि कागदाच्या तुकड्यांखाली दडवून ठेवतो. त्या कोपऱ्यात आम्हाला सूर्यफुलाच्या अकरा बिया, सोयाबीनचे नऊ दाणे, अर्धवट कुरतडलेली सरकी आणि हिरवी बुरशी चढलेला संत्र्याच्या फोडीचा तुकडा सापडला. वाटी रिकामी झाली म्हणजे त्याने खाल्ले, असे आम्ही समजत होतो आणि रोज नवे घालत होतो.

माझे वजन सुमारे साठ किलो आहे, म्हणजे मी त्याच्यापेक्षा जवळजवळ पावणेपाचशे पट जड आहे. त्याच्या पोटात गेलेला एक ग्रॅम माझ्या हिशेबाने जवळजवळ अर्धा किलो होतो, हे लक्षात आल्यापासून मला प्रत्येक दाणा देताना भीती वाटते. कांदा, लसूण, चॉकलेट आणि कच्चा बटाटा देऊ नये, एवढे मला ठाऊक आहे. मात्र आमच्यासारख्या शेतकरी घरात जे पदार्थ हाताशी असतात, त्यांच्याविषयी मला नेमके सांगणारे कोणी भेटलेले नाही.

ज्वारी, गहू आणि बाजरी यांवर त्याचे भागेल का, की पेलेट आणावेच लागतील? सरकी, सोयाबीन आणि लाखोळी यांपैकी काही चालते का? संत्र्यात व्हिटॅमिन सी असते, म्हणून ते थोडे तरी द्यावे, असे मुलीला वाटते. ते योग्य आहे का? आणि शेतातील भाजीवर फवारणी झालेली असते, ती धुऊन दिली तर चालेल का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

ताई, सर्वप्रथम आपण त्याचा साठा तपासलात हे फार चांगले केले, कारण हॅमस्टर पाळणारे बहुतेक लोक वाटी पाहतात आणि कोपरा पाहत नाहीत. मी अमरावती जिल्ह्यात राहतो. गेल्या सहा वर्षांत माझ्याकडे तीन सीरियन हॅमस्टर होऊन गेले. त्या अनुभवावरून आणि वाचनातून जे खात्रीने ठाऊक आहे तेवढेच लिहितो.

सरकी आजपासून पूर्ण बंद करावी. सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांच्या पोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होते, म्हणून आपण गुरांना सरकी आणि ढेप निर्धास्त घालतो. रवंथ न करणाऱ्या लहान प्राण्याला ही सोय नाही. लाखोळीचेही तसेच आहे. तिच्यातील द्रव्य मज्जातंतूंना अपाय करते आणि सतत भरपूर लाखोळी खाल्ल्याने माणसांचे पाय लुळे पडल्याचे वैद्यकशास्त्रात नोंदलेले आहे. जो प्राणी आपल्या पावशेर वजनाच्या निम्माच भरतो, त्याच्यावर हा प्रयोग करण्याचे काहीच कारण नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो, तो उष्णतेने नष्ट होतो. म्हणून नीट शिजवलेला, मीठ नसलेला एखादा दाणा चालेल, कच्चा नको. राजम्याचा कच्चा दाणा तर कधीच देऊ नये.

ज्वारी, बाजरी, गहू, जव आणि ओट हे सारे त्याला मानवते. या जातीचे मूळ सीरियातील अलेप्पोच्या परिसरात आहे आणि तेथे ती धान्याच्या शेतांतच बिळे करून राहते. १९३० साली प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी त्या भागातून एक मादी व तिची पिल्ले पकडून आणली आणि आज घराघरांत असलेले बहुतेक सीरियन हॅमस्टर त्याच कुटुंबाचे वंशज मानले जातात. म्हणजे भुरू मुळात शेतातलाच प्राणी आहे. तरीही केवळ धान्यावर त्याला ठेवू नये, कारण शेतात तो किडे, कोवळा पाला आणि नाना प्रकारच्या बियाही खातो आणि नुसत्या धान्यात प्रथिने व कॅल्शियम कमी पडतात. पेलेट हा त्याचा मुख्य आहार राहू द्यावा. एका फेरीत दोन महिन्यांचे खाद्य आणून हवाबंद डब्यात ठेवावे. सीरियन हॅमस्टरला दिवसाला साधारण १० ते १२ ग्रॅम कोरडे खाद्य पुरते, त्यामुळे दोन महिन्यांना पाऊण किलोही लागत नाही. सशाचे पेलेट स्वस्त मिळाले तरी त्यावर भागवू नये, कारण त्यात प्रथिने कमी असतात. आणि आहार बदलायचा असल्यास आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. आपल्याकडे एकाच आठवड्यात चार नव्या वस्तू गेल्या, लेंड्या मऊ होण्यास तेवढेही पुरे आहे.

पेलेटच्या जोडीला घरचे धान्य चिमूटभर द्यावे. आठवड्यातून एकदा-दोनदा उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचा हरभऱ्याएवढा तुकडा, मोड आलेले चार मूग किंवा मीठ-हळद न लावलेला एखादा फुटाणा देता येतो. फल्लीदाणा (शेंगदाणा) अर्धाच आणि तोही कधीतरी. खवट किंवा बुरशी आलेला दाणा मुळीच नको, कारण त्या बुरशीचे विष यकृतावर जाते. सूर्यफुलाच्या बिया त्याला सर्वांत जास्त आवडतील आणि बाकीचे सोडून तो त्याच निवडील. त्यांत चरबी फार असते, म्हणून एक-दोनच द्याव्यात. भाजीत काकडी, दोडका, लाल भोपळा, मेथीची दोन पाने किंवा सांबाराची (कोथिंबिरीची) एक काडी पुरे. तुकडा आपल्या अंगठ्याच्या नखाएवढा असावा.

संत्र्याविषयी मुलीला आवर्जून सांगावे की हॅमस्टर आपले व्हिटॅमिन सी स्वतःच्या शरीरात तयार करतो. ते बाहेरून मिळावे लागते गिनीपिगला, याला नाही. संत्र्याचे आम्ल त्याच्या पोटाला आणि गालातील नाजूक अस्तराला सोसत नाही. आपल्या भागात संत्रे न देणे जिवावर येते, हे मी समजू शकतो, पण लिंबू, मोसंबी आणि संत्रे तिन्ही टाळावीत.

फवारणीचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. कपाशीवर वापरली जाणारी अनेक कीटकनाशके आंतरप्रवाही असतात, म्हणजे ती झाडाच्या रसात शिरतात आणि पान कितीही धुतले तरी आतले औषध जात नाही. कपाशीच्या बांधावरचा पाला किंवा कपाशीत लावलेली भाजी त्याला देऊ नये. पेरणीतून उरलेले गुलाबी, निळे किंवा हिरवे रंगवलेले बियाणेही देऊ नये, कारण तो रंग औषध लावल्याची खूण असतो. साठवणुकीच्या कीडनाशक गोळ्या टाकलेल्या कोठीतील धान्यही त्याला नको. कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेले चालेल, मात्र पाला वेगळा करून.

शेपटीखालचा भाग ओला दिसला, तो अंग आकसून बसला किंवा दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर वाट पाहू नये, कारण या प्राण्याचे जुलाब एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतात. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात आधी चौकशी करून न्यावे. घरात पडलेले अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखे अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने कदापि देऊ नये. हॅमस्टरच्या आतड्यातील उपयोगी जिवाणू त्याने मरतात आणि औषधानेच तो दगावतो.

प्रतिसाद २

वरील सर्व माहितीशी सहमत आहे. ताई, उन्हाळ्याचा विचार आतापासून करावा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कापलेली काकडी तासाभरात मऊ पडते, म्हणून ओले खाद्य संध्याकाळी तो जागा झाल्यावर द्यावे आणि आपण झोपण्यापूर्वी उरलेले काढून घ्यावे. पाण्याच्या बाटलीच्या नळीच्या टोकाची गोळी रोज बोटाने दाबून पाहावी, कारण ती अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो. भात, चिकट गूळ किंवा चिक्की यांसारखे पदार्थ गालाच्या पिशवीत चिकटून बसतात, तेही टाळावेत.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. दादांचा प्रतिसाद मी सासूबाईंना पूर्ण वाचून दाखवला. सरकीचे ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग स्वतःच उठून त्यांनी त्याची वाटी गरम पाण्याने धुतली. लाल भोपळ्याच्या बिया त्यांनी सुपात वाळत घातल्या आहेत. आठवड्यातून एक देईन, असे त्यांनी मुलीला कबूल केले आहे.

लेंड्या तिसऱ्या दिवसापासून पुन्हा कोरड्या झाल्या. मामा या शनिवारी नागपूरहून एक किलो पेलेट घेऊन येत आहे. तोपर्यंत उरलेल्या पेलेटमध्ये थोडी ज्वारी मिसळून देत आहोत. परसात एका जुन्या घमेल्यात, जिथे कोणतीही फवारणी पोहोचत नाही तिथे, मेथी पेरली आहे. मुलीने दर रविवारी त्याचे वजन करून वहीत लिहायचे ठरवले असून काल ते १२६ ग्रॅम भरले.