मदत हवी आहे : भाऊ आयाहुआस्का घेण्यासाठी पेरूला निघाला आहे

ऐरोलीकर :
माझा धाकटा भाऊ पुढील महिन्यात पेरूमधील इक्विटोसजवळच्या एका केंद्रात आयाहुआस्काच्या, म्हणजे वेल आणि पाने उकळून केलेल्या भास घडवणाऱ्या काढ्याच्या, विधीला बसणार आहे. तिकिटे काढून झाली आहेत, त्यामुळे जाऊ देऊ नका असे कृपया कोणी सांगू नये. सुरक्षित राहण्यासाठी त्याने नेमके काय करावे, एवढेच लवकर सांगा.

घोडबंदर_रोड :
रक्तदाब, हृदयविकार आणि चालू औषधे कळल्याशिवाय कोणी उत्तर देऊ नये. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार आहे का?

पाचपाखाडी :
पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी. प्रमाणपत्र नसल्यास परतल्यावर विमानतळावरच अडवून विलगीकरणात ठेवू शकतात.

ऐरोलीकर :
लशीविषयी विचारले नव्हते, तरी आभार. घरात तसा आजार कोणाला नाही आणि त्याचा रक्तदाबही ठीक आहे. उदासीसाठी रोज सकाळी फ्लुओक्सेटिनची एक गोळी घेतो, तेवढेच.

घोडबंदर_रोड :
अहो, खरा धोका त्या गोळीतच आहे. काढ्यातील वेलीत हार्मिन आणि हार्मालिन असते. ती शरीरातील एमएओ हे विकर रोखतात, म्हणूनच काढ्यातील चक्रुना या झुडपाच्या पानांतील डीएमटी हे भास घडवणारे द्रव्य पोटात नष्ट न होता मेंदूपर्यंत पोहोचते. त्यात फ्लुओक्सेटिनची भर पडली, तर सेरोटोनिन हे मेंदूतील रसायन बेसुमार वाढून तीव्र ताप, स्नायूंचा ताठरपणा आणि झटके येऊ शकतात आणि जिवावर बेतू शकते.

नेरुळ_पूर्व :
मी तिथे जाऊन आलो आहे. गोळी आजच बंद करावी. मीठ, साखर, मिरची आणि मद्य सोडून श्रद्धेने बसल्यास काहीही होत नाही.

घोडबंदर_रोड :
पथ्याने औषध अंगातून निघत नाही. फ्लुओक्सेटिन बंद केल्यावरही साधारण 5 आठवडे परिणाम टिकतो आणि मनाने गोळी सोडल्यास उदासी उफाळून येऊ शकते. हा निर्णय ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांचाच आहे. तारीख पुढे ढकला. खोकल्याच्या औषधातील डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि वेदनाशामक ट्रॅमाडॉलही टाळावे. काढ्यात तोए, म्हणजे धोतऱ्याच्या जवळचे विषारी झाड, मिसळतात का आणि रात्री काढा न घेतलेला माणूस शेजारी असतो का, हे केंद्राला लेखी विचारा.

पाचपाखाडी :
एवढ्या लांब कशाला? कर्जतकडे एका फार्महाऊसवरही असे विधी होतात, असे ऐकले आहे.

घोडबंदर_रोड :
डीएमटी आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते. पकडले जाण्याच्या भीतीने तिथे बिघडलेल्या माणसाला रुग्णालयात न्यायलाही कोणी धजावणार नाही.

ऐरोलीकर :
केंद्राचा अर्ज आत्ता पुन्हा उघडून पाहिला. जेवणाच्या आवडीनिवडी विचारल्या आहेत. औषधांचा रकानाच नाही. सोमवारी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जातो. तिकिटाची तारीख बदलताना किती पैसे कापतात?