नागीण गेली, आग राहिली: पेन क्लिनिकमध्ये (दुखण्यावर उपचार करणाऱ्या दवाखान्यात) काय करतात?

प्रश्न: वय ७०. नागिणीचे फोड सुकून चार महिने झाले, तरी बरगडीवर सदऱ्याचा स्पर्शही सोसत नाही. पॅरासिटामॉलने ढिम्म फरक नाही.

उत्तर १: पडणार नाहीच. तीन महिन्यांपुढे टिकलेलं हे दुखणं मज्जातंतूचं. या वयात प्रीगाबालिन (मज्जातंतूच्या दुखण्यावरचं औषध) बहुधा रात्री २५-५० मिग्रॅपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघतात, कारण औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. डोस घाईने वाढवला की चक्कर येते, आणि रात्री बाथरूमला जाताना तोल जातो.

उत्तर २: लिडोकेनची (कातडी बधिर करणाऱ्या औषधाची) ५ टक्के पट्टी डॉक्टरांना विचारा. १२ तास लावायची, १२ तास काढायची. जखम नसलेल्या कातडीवरच. वरून शेक नको, औषध जास्त शोषलं जातं.

उत्तर ३: अ‍ॅमिट्रिप्टिलिन (मुळात नैराश्यावरचं, पण मज्जातंतूच्या दुखण्यावरही देतात ते औषध) सुचवलं तर प्रोस्टेट, काचबिंदू, हृदयाचा त्रास आधी सांगा. बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका. नर्व्ह ब्लॉकचा (मज्जातंतूजवळ बधिर करणारं इंजेक्शन) विचार सहसा या औषधांनी भागलं नाही तरच.