मेन कलेक्शन सोडून तुमच्या कपाटात अजून काय काय जमलंय?

तोळामासा (जळगाव)
नमस्कार मंडळी. मी नाणी जमवतो, त्यातही जीव अडकलाय तो राणीछाप आणि पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयांवर. पण आज नाण्यांबद्दल विचारायचं नाहीये, विचारायचंय ते बाजूला जे साठत जातं त्याबद्दल. म्हणजे आपण ते जमवतो असं कुणाला सांगत नाही, पण कुठे दिसलं की हात जातोच, आणि मग एक दिवस बघावं तर कपाटाचा अख्खा खण त्यानेच भरलेला.

माझा तो खण वजनांचा आहे. जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. ऐंशी रुपये पारड्यात टाकले की एक शेर झाला, म्हणजे नाणं हेच वजन होतं. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली तरी त्याचं वजन तेच ठेवलं. हे एकदा डोक्यात बसल्यावर मी आपल्या सराफ बाजारात जुन्या माणसांना विचारत सुटलो, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, मग पितळी मासे-तोळ्यांचा एक सेट मिळाला, मग भंगारवाल्याकडे लोखंडी अच्छेर, पावशेर, छटाक दिसायला लागले, मग धान्य मोजायची मापं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि पुढच्याच वर्षापासून किलो-ग्रॅमही यायला लागलं, त्यामुळे आणे आणि शेर थोड्याच वर्षांच्या अंतराने बाजारातून उठले. माझ्या दृष्टीने हे दोन कलेक्शन नाहीतच, एकच आहे. पण आई म्हणते एक काहीतरी धर बाबा, घरात पाय ठेवायला जागा नाही.

तर विचारायचं असं की तुमच्याकडे बाजूला काय जमलंय, त्याचं मेन कलेक्शनशी काही नातं आहे का, आणि आपल्याकडच्या ह्या उन्हात ते सांभाळता कसं? मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय होतं ते सगळ्यांनाच माहितीये. फोटो असतील तर टाका.

लूपलाइन (भुसावळ)
जबरदस्त विषय काढला भाऊ. माझं मेन म्हणजे रेल्वे इंजिनांचे फोटो. बाजूला जमली ती पुठ्ठ्याची तिकिटं. तरुण पोरांनी कदाचित बघितलीच नसतील, सव्वादोन इंच लांबीचं जाड कार्ड, खिडकीवरचा बाबू ते तारखेच्या मशीनमध्ये घालून खटॅक करून काढायचा आणि तारीख शाईने नाही तर दाबून उमटायची. इंग्लंडमध्ये एडमंडसन नावाच्या स्टेशनमास्तरने १८३० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत काढली आणि आपल्याकडे कॉम्प्युटर येईपर्यंत तीच चालली. लोक म्हणतात लाखोंनी छापली जायची मग त्यात दुर्मिळ काय, अहो पण प्रवास संपला की गेटवर टीसी तिकीट काढून घ्यायचा ना! म्हणून प्रवास झालेलं तिकीट कमी सापडतं, जास्त मिळतात ती न विकलेली कोरी किंवा प्लॅटफॉर्म तिकिटं.

माझ्या सगळ्यात जवळची आहेत ती पाचोरा-जामनेर लाइनची. आपली पीजे. अडीच फुटी रुळावरची ती छोटी गाडी, ५६ किलोमीटर, शंभर वर्षं चालली आणि २०२० मध्ये बंद पडली ती पडलीच. आता तिथे ब्रॉडगेज येतंय, चांगलं आहे, यायलाच पाहिजे, पण ज्या डब्यात दुधाचे कॅन आणि कॉलेजची पोरं एकत्र बसायची तो डबा आता फक्त माझ्या फोटोत आणि ह्या तिकिटांवर राहिला. म्हणून नातं आहे का असं विचारलंत तर माझ्याकडे आहे आणि पक्कं आहे, फोटोत गाडी दिसते पण त्या दिवशी शेंदुर्णीहून पाचोऱ्याला जायला किती पैसे पडले ते तिकीटच सांगतं.

सांभाळण्याचं म्हणाल तर पुठ्ठ्याला उन्हाळ्यापेक्षा वाळवी आणि कसर ह्यांचा त्रास जास्त. पण हल्ली एसटीत मशीनमधून जी तिकिटं निघतात ना ती जमवत असाल तर आधी त्यांचा फोटो काढून ठेवा. तो थर्मल कागद असतो, त्यावर शाई नसतेच, उष्णतेने कागदच काळा होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलं तर काळंठिक्कर, आणि वहीत ठेवलं तरी काही वर्षांत अक्षरं उडून जातात. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, मशीनच्या गरम रोलरखालून जातानाच ते काळं पडेल.

पोस्टाची_पेटी (धुळे)
मी पोस्टाची तिकिटं जमवतो, वडिलांपासून आहे हे. बाजूचं जमलं ते रेडिओची लायसन्स बुकं. ऐंशीच्या दशकापर्यंत घरात रेडिओ ठेवायचा तर लायसन्स लागायचं आणि ते पोस्टात मिळायचं, दरवर्षी फी भरली की बुकात त्याचं वेगळं तिकीट चिकटवून वर शिक्का मारून द्यायचे. मी सुरुवातीला फक्त त्या तिकिटांसाठी ही बुकं घेत होतो, सोडवून अल्बमला लावायची म्हणून. पण बुक उघडलं की आत मालकाचं नाव, गाव, रेडिओचा मेक, कुठल्या वर्षी फी भरायची राहिली, सगळं असतं हो. त्यातून तिकीट सोडवायला मन होईना. तेव्हापासून पूर्ण बुकच ठेवतो. नवीन पोरांना हेच सांगेन, लिफाफ्यावरचं, बुकातलं तिकीट पाण्यात टाकून सोडवू नका, शिक्क्यासकट आणि पत्त्यासकट राहू द्या.

ह्याच नादात तारासुद्धा (टेलिग्राम) जमल्या. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली तेव्हा शेवटच्या दिवशी लोकांनी स्वतःलाच तारा पाठवल्या, तशा मिळतात बऱ्याच. पण मला आवडतात त्या कामाच्या तारा, कापसाचा भाव कळवणाऱ्या, "मदर सिरीयस कम सून" वाल्या. एकेका शब्दाला पैसे पडायचे म्हणून माणसं किती कमी शब्दांत बोलायची ते त्यात दिसतं. आणि १९७१ च्या शेवटी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, ती पत्रं मी वेगळ्या फाइलीत ठेवलीत. कुठल्यातरी खेड्यातून आलेलं घरगुती पत्र आणि त्यावर ते पाच पैसे.

अजून एक, कागदाचं काही जुनं घरात सापडलं, मोडी वगैरे, तर रद्दीत टाकण्याआधी इथल्या राजवाडे संशोधन मंडळात दाखवा. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करायचे, १९२६ मध्ये ते धुळ्यातच गेले आणि त्यांच्या मागे हे मंडळ उभं राहिलं. आपल्याला वाचता येत नाही म्हणजे कागद बिनकामाचा असं नसतं.

सूतगिरण (अमळनेर)
माझं मेन काड्यापेटीची छापं, शाळेपासून. वाघ छाप, जहाज छाप, घोडा छाप, भाऊ आणि मी रस्त्यावरून वेचायचो. पेटी ५० पैशांवरून १ रुपयाची झाली २००७ मध्ये आणि २ रुपयांची झाली १ डिसेंबर २०२१ ला, त्यामुळे किंमत बघून कुठल्या काळातलं छाप आहे त्याचा साधारण अंदाज येतो.

बाजूला आली ती कापडाच्या ताग्यावरची लेबलं. आमच्या गावात प्रताप मिल होती, त्यामुळे जुन्या घरांतून असलं काहीबाही निघतं. पूर्वी गिऱ्हाइकाला वाचता येवो न येवो चित्र ओळखता यायला पाहिजे म्हणून ताग्यावर मोठं रंगीत लेबल चिकटवायचे, देवदेवता, हत्ती, राजे. काड्यापेटीचंही तेच ना, दुकानात जाऊन वाघ द्या म्हटलं की झालं. मला तर वाटतं मी आयुष्यभर एकच गोष्ट जमवतेय, न वाचता ओळखायची खूण. तोळामासा दादा, आईंना सांगा कागदाला जागा लागत नाही, लोखंडाला लागते.

गारगोटी_सावदा
माझं मेनशी काही नातं नाही बुवा. मेन फाउंटन पेन, बाजूला दगड. आमच्या भागात विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावला की काळ्या खडकात पोकळ्या निघतात आणि त्यात स्फटिक. अपोफिलाइट, स्टिलबाइट, ह्युलँडाइट असली नावं आहेत त्यांची, जळगाव जिल्ह्याचं नाव जगभरातल्या दगड जमवणाऱ्यांना ठाऊक आहे आणि इथल्या माणसाला केळी आणि सोनं सोडून सांगता येत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. लाव्हा थंड झाला तेव्हा त्यात वायूचे बुडबुडे अडकले, मग लाखो वर्षं त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि त्यातून हे वाढले. कुणाला बघायचे असतील तर सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे, एकदा जाऊन या, आपल्या जिल्ह्यातले नमुने काचेत ठेवलेले बघून छाती फुगते.

सांभाळण्याबद्दल एकच सांगतो पण महत्त्वाचं आहे. माती काढायला बाथरूमचं ॲसिड वापरू नका. बरेच जण वापरतात कारण गारेला (क्वार्ट्झला) काही होत नाही, पण हे दगड गारेच्या जातीचे नाहीत, ॲसिडमध्ये ह्यांची चकाकी जाते आणि काही तर विरघळूनच जातात. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि धीर. तापवायचेही नाहीत, ह्यांच्या आतच पाणी असतं, ते गेलं की दगड पांढुरका पडून ठिसूळ होतो.

घुंगरमाळ (शहादा)
भो, भारी विषय शे हाऊ. मन्ह मेन नोटा शेतस, पन खरा जीव घंटामा. आमच्याकडे पोळ्याला बैलांना घालतात त्या घुंगरमाळा, गायीच्या गळ्यातल्या पितळी घंटा, आणि वर सातपुड्यात गुरांना बांधतात त्या लाकडी घंटा. रानात चरायला सोडलं की झाडीत जनावर दिसत नाही, ऐकू येतं, आणि गुराख्याला आपल्या गायीची घंटा बाकीच्यांतून बरोबर ओळखू येते. ओतीव घंटेचा आवाज लांब जातो आणि रेंगाळतो, पत्र्याच्या घंटेचा कोरडा, लाकडीचा तर अजूनच वेगळा, जवळून ठकठक आणि लांबून मऊ. मी प्रत्येक घंटा वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवली आहे, कारण कपाटात नुसती टांगलेली घंटा ही अर्धीच वस्तू आहे. आता शेतीला ट्रॅक्टर आला, बैलजोड्या कमी झाल्या, माळा मोडीत जाऊ लागल्या. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या सामानाच्या दुकानांत अजूनही चांगलं ओतकाम बघायला मिळतं, ह्या वेळी नक्की या कुणी कुणी.

एक शंका. गावातला एक जण साळिंदराचे काटे आणि हरणाचं जुनं शिंग देतो म्हणतोय, त्यांच्या घरातच पडलंय. घ्यावं का?

पोस्टाची_पेटी (धुळे)
@घुंगरमाळ, अजिबात घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते बसतं, घरात पिढ्यान् पिढ्या पडलंय हे कारण चालत नाही. त्यांनाही सांगा की वनखात्याकडे जाऊन विचारा. आणि सगळ्यांसाठीच, शेतात नांगरताना जमिनीतून पुरलेलं काही सापडलं, हंडा म्हणा, नाणी म्हणा, तर १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाहीत, तेव्हा ऑनलाइन कुणी परदेशातून जुनी मूर्ती मागितली तर तिथेच थांबा.

काळाकोट (चाळीसगाव)
सगळ्यांनी एकदा आमच्याकडे केकी मूसांचं घर बघायला या, स्टेशनजवळच आहे. माणूस मूळ फोटोग्राफर, टेबलावर छोट्या वस्तू मांडून असा फोटो काढायचे की खरा देखावा वाटावा. पण घरात मूर्ती, लाकडावरचं कोरीव काम, जुनी भांडी, काय काय जमवलेलं. १९८९ मध्ये ते गेले, त्याच घराचं म्युझियम झालंय. माझं कलेक्शन कॅमेऱ्यांचं आणि बाजूला स्टुडिओच्या फोटोंमागचे शिक्के, ते तिथे जाऊन आल्यावर सुरू झालं. फोटोच्या मागे स्टुडिओचं नाव आणि गाव असतं, आमच्या आजूबाजूच्या गावांत कुठे कुठे स्टुडिओ होते ते मी त्यावरून मांडतोय. कुणाकडे नंदुरबार, दोंडाईचा, शिरपूरचे जुने फोटो असतील तर मागची बाजू पाठवा, पुढची नाही पाठवली तरी चालेल.

तोळामासा (जळगाव)
अरे वा, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सूतगिरण ताई, तुमचं ते न वाचता ओळखायच्या खुणेचं आईला वाचून दाखवलं, म्हणाली ह्या बाईंना घरी बोलाव.

मी नाण्यांची पाकिटं सगळी बदलायला घेतलीत, जुनी मऊ पीव्हीसीची होती, उष्णतेने त्यातून चिकट सुटतं आणि नाण्यावर हिरवट थर येतो. कुणाकडे तसली असतील तर ह्या उन्हाळ्याच्या आत बदला. लोखंडी वजनांना खोबरेल नको, शिवणयंत्राच्या तेलाचं पातळ बोट पुरे. आणि वजन घासून चकचकीत करू नका, खालच्या खाचेत शिसं भरलेलं असतं त्यावर तपासणीची मोहोर असते, घासलं की तीच जाते.

पोस्टाच्या पेटीवाल्यांचं वाचून मी एक वही केली, प्रत्येक वजन कुठल्या दुकानातून, कुणाच्या घरातून आलं ते लिहितोय, आठवतंय तोवर.

घुंगरमाळ भाऊ, तुमच्या ओतीव घंटांच्या आतल्या बाजूला ओतणाऱ्याची काही खूण, अक्षर असतं का? माझ्याकडच्या दोन पितळी मापांच्या बुडाला सारखीच फुलीसारखी खूण आहे, कासाराची असावी असं वाटतंय. आतून बॅटरी मारून फोटो टाका बरं.

घुंगरमाळ (शहादा)
एका घंटेत शे काहीतरी, फुली नाही, तीन टिंब आहेत. संध्याकाळी टाकतो फोटो.