शालेय मंत्रिमंडळ म्हणजे नुसतं फोटोसेशन?

खडूफळा: ‘मंत्रिमंडळ, परदेशी शाळेशी व्हिडिओ कॉल ही नाटकं बंद करा, पुस्तकातलं नागरिकशास्त्र धड शिकवा’ ही सकाळची पोस्ट वाचून डोकं फिरलं. ग्रामसभेची कलमं घोकून मूल सभेत उभं राहतं का? मंत्रिमंडळाला हजार-दोन हजारांचा निधी द्या, ठराव वहीत लिहा, मुख्याध्यापकांनी पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. ‘नाही’ असलं तरी कारणासकट.

पुस्तकवाला: पोस्ट माझीच. स्वच्छतामंत्री म्हणजे झाडू कुणाच्या हातात द्यायचा हे ठरवणारा पोरगा. हेच का नागरिकत्व?

लीड्सकर: इंग्लंडमध्ये नागरिकत्वाच्या शिक्षणावरच्या क्रिक समितीच्या अहवालानंतर (1998) माध्यमिक शाळांत हा विषय 2002 पासून सक्तीचा झाला. तरी कित्येक शाळांतल्या मुलांच्या कौन्सिलची गाडी स्वच्छतागृह नि कँटीनपुढे सरकत नाही.

मधली सुट्टी: ते राहू द्या, मतदान कसं घेता? हात वर करून घेतलंत तर मुलं आधी बाईंच्या तोंडाकडे बघतात. पुठ्ठ्याचा आडोसा, चिठ्ठी, बोटाला शाई, सगळ्यांसमोर मोजणी. मोबाईल अ‍ॅप नको. एका मताचा फरक पडला की फेरमोजणी कशाची करणार?

खडूफळा: झालं, आलं ईव्हीएम! अ‍ॅपवर बाद मत पडत नाही.

मधली सुट्टी: बाद मत का बाद झालं, हे वर्गाला दाखवणं हाच धडा आहे, गुरुजी. बीप ऐकून काय शिकणार?

पुस्तकवाला: वा! मुद्दा काय होता, आठवतंय का कुणाला?

लीड्सकर: व्हिडिओ कॉलचा. हिवाळ्यात इंग्लंडमधले सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे अडीच, त्यामुळे 11 ते 5 च्या शाळेला जेमतेम अडीच तास मिळतात. मार्च-एप्रिलमध्ये आपली शाळा सकाळची, मग एक मिनिटही जुळत नाही. आणि कॉलवर काय, तर रांगोळी, लेझीम, ‘हॅलो इंडिया’. त्याऐवजी दोन्हीकडच्या मुलांनी आठवडाभर एकच गोष्ट मोजावी, समजा पोषण आहाराच्या ताटातलं उरलेलं अन्न. वर्गवार वजन करा, आकडे ईमेलने पाठवा. कॉल शेवटी, वीस मिनिटांचा, प्रश्न आधी कळवून. भाषांतराचं काम एकाच हुशार मुलीच्या गळ्यात मारू नका, बाकीचे नुसते बघे होतात.

पुस्तकवाला: वजनकाट्याचं पटलं. पण तो आणायचा कुठून? अर्थमंत्र्यांना विचारा.

मधली सुट्टी: विचारू की. चिठ्ठ्या टाकून.